४ टीबीची हार्डडिस्क जुन्या कॉम्प्युटरवर १६७८ जीबीच दिसते, काऊन?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात भाऊचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम करतात. मशीन जुनं, जी३१ चिपसेटचा बोर्ड, ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, विंडोज ७ ची ३२ बिट. बदलता येत नाही कारण फोटो प्रिंटरचा ड्रायव्हर तेवढ्याच मशीनवर चालतो. ५०० जीबीची डिस्क भरली म्हणून यवतमाळवरून ४ टीबीची आणली, आधी घरच्या जुन्या यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क टाकून यूएसबीनं जोडायचा डबा) टाकली तर १६७८ जीबी दिसली, फॉरमॅट मारून दोन लग्नं कॉपीही केली, मग शंका आली म्हणून कॅबिनेट खोलून आत लावली तरी तेच. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डवरचा प्रोग्राम) पाहिलं तर तिथं तिसराच आकडा, १८०१ जीबी. आता त्यांचं म्हणणं, "डिस्क डुप्लिकेट निघाली का बोर्डच बदला लागते ते एकदाचं सांगून द्या."

दोन्ही नाही भाऊ. डिस्क अस्सल आहे, अन् हे मी डिस्क न पाहता सांगून राहिलो कारण आकडाच सांगतो. डुप्लिकेट मालात असा आकडा येत नाही. माझ्याकडं कोणी असं गिऱ्हाईक आलं की मी पहिले स्क्रू ड्रायव्हर हातात घेतच नाही, पहिले विचारतो नेमका किती आकडा दिसला ते सांगा, "कमी दिसते" असं नका सांगू.

आता हा १६७८ आला कुठून ते पाहा. डिस्कवर जागा सेक्टरच्या हिशोबानं असते, एक सेक्टर ५१२ बाइटचा. ४ टीबीच्या डिस्कवर ७८१ कोटी ४० लाखांच्या वर सेक्टर असतात. अन् जुन्या काळी सेक्टरचा नंबर लिहायला जी जागा ठेवली होती ती ३२ बिटची, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाखाच्या पुढचा नंबर त्याच्यात मावतच नाही. आपल्याकडं आडतीवर काटापावतीचं बुक असते न, त्याच्यावर तीनच आकडे छापले असले तर ९९९ नंतर परत ०००, तसंच. हजारावी गाडी आली तरी बुकाच्या हिशोबानं ती पहिलीच. ७८१ कोटीतून ४२९ कोटी गळून पडले तर उरतात ३५१ कोटी ९० लाख सेक्टर, त्याचे कंपनीच्या हिशोबानं झाले १८०१ जीबी अन् विंडोजच्या हिशोबानं १६७८. म्हणजे तुमच्या केसिंगचा अन् बायोसचा आकडा एकच आहे, बायोस हजारानं भागते अन् विंडोज १०२४ नं, एवढाच फरक. कोणाला ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसत असेल (बायोसमध्ये ८०१), तर त्याचा पण आजार हाच.

आता तुम्ही पाठवलेला डिस्क मॅनेजमेंटचा फोटो. बरं झालं पाठवला, कारण नुसतं माय कॉम्प्युटर पाहून मी पण चकलो असतो. आत लावल्यावर डाव्या कोपऱ्यात डिस्क १ च्या खाली ३७२६.०२ जीबी लिहून आहे, दिसलं का? म्हणजे विंडोज ७ ला पूर्ण डिस्क दिसून राहिली. ४ टीबीचे ३७२६ च होतात, त्याच्यासाठी दुकानदाराशी भांडू नका, ते परत हजार अन् १०२४ चंच भांडण आहे. उजवीकडं तीन डबे आहेत: पहिला १६७८ चा निळा, तुम्ही केसिंगमध्ये फॉरमॅट मारलेला तोच. मग ३६९.९८ जीबी काळ्या पट्टीचा, अनअलोकेटेड, म्हणजे अजून वापरात न घेतलेली जागा. मग अजून एक १६७८.०२ अनअलोकेटेड. पहिले दोन मिळवा, बरोबर २०४८ होते. त्याच्या पुढचा जो तिसरा डबा आहे त्याच्यावर राइट क्लिक केलं तर न्यू व्हॉल्यूम वगैरे सगळं फिक्कं दिसते, क्लिकच होत नाही. कारण केसिंगमध्ये इनिशियलाइझ करताना (नवी डिस्क पहिल्यांदा तयार करताना) तुम्ही एमबीआर निवडलं होतं, बहुतेक वाचलं पण नसेल, ओके दाबलं असेल, सगळेच दाबतात. एमबीआर म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत ते लिहायची जुनी पद्धत, त्याचं पार्टिशन टेबल (ती भागांची यादी) ३२ बिटचं, ते २ टीबीच्या पुढं पाहू शकत नाही.

म्हणजे तुमच्याकडं दोन वेगळे दुखणे होते अन् दोघांनी एकच आकडा दाखवला म्हणून घोळ झाला. केसिंगमधला यूएसबीचा चिप जुना, त्याला २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही, त्याचा इलाज नाही. आतमधलं दुखणं फक्त पार्टिशन टेबलचं, त्याला एक रुपया लागत नाही.

इलाज असा. पहिले ते दोन लग्न दुसरीकडं कॉपी करून घ्या, कारण पुढं जे करू त्यात डिस्क पूर्ण साफ होते, विंडोज ७ मध्ये एमबीआरचं जीपीटी (तीच यादी लिहायची नवी पद्धत, २ टीबीच्या पुढं चालणारी) करायला डिस्क रिकामीच लागते. "बिना डेटा घालवता बदलून देते" म्हणणारे सॉफ्टवेअर मिळतात पण दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोवर मी ते करून पाहणार नाही. कॉपी झाली की दोन-चार फोटो खोलून पाहा, नुसता फोल्डर दिसला म्हणून समाधान मानू नका. मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून खोला, डिस्कपार्ट टाइप करा, लिस्ट डिस्क. इथं थांबा. यादीत तुमची ५०० जीबीवाली ४६५ दिसेल अन् नवी ३७२६. नंबर कागदावर लिहा. सिलेक्ट डिस्क अन् तो नंबर, मग परत एकदा लिस्ट डिस्क, आता निवडलेल्या डिस्कच्या समोर छोटी चांदणी दिसते, ती ३७२६ च्याच समोर आहे हे पाहा. मगच क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन विचारत नाही, "आर यू शुअर" वगैरे काही नाही, एंटर दाबलं की गेलं. मी स्वतः दुकानात हे करताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवतो शक्य असेल तिथं, तुमच्याकडं विंडोज दुसऱ्या डिस्कवर आहे म्हणून ते जमत नाही, तर चांदणी दोनदा पाहा. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये या, एकच लांब काळी पट्टी दिसेल साधारण ३७२५-२६ ची, न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट, झालं.

३२ बिट विंडोजवर जीपीटी चालते का असं हमखास विचारतात. डेटाच्या डिस्कसाठी चालते, व्हिस्टापासून पुढं सगळ्यात. चालत नाही ते विंडोज त्याच्यावर टाकून बूट करणं, त्याला यूईएफआयचा (बायोसची नवी पिढी) बोर्ड अन् ६४ बिट विंडोज लागते, तुमच्या जी३१ ला जुनं बायोस आहे. म्हणून विंडोज त्या ५०० वरच राहू द्या, नवीवर फक्त डेटा. अन् बायोस १८०१ दाखवते तर दाखवू द्या. विंडोज एकदा सुरू झालं की ते बायोसला विचारत नाही, आपल्या ड्रायव्हरनं सरळ डिस्कशीच बोलते. म्हातारा ओसरीत बसून काहीही म्हणो, घरचा कारभार पोरगाच पाहून राहिला.

पण एक गोष्ट. दुसरी डिस्क लावली की बऱ्याचदा बायोस बूटचा क्रम बदलते, अन् सकाळी चालू केलं की काळ्या स्क्रीनवर डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क. लोक घाबरून विंडोज नव्यानं टाकतात. काही नाही, बायोसमध्ये हार्डडिस्क बूट प्रायॉरिटीमध्ये जाऊन जुनी डिस्क वर घ्या. आणि डिस्क अजिबातच दिसत नसेल तर तिथंच सेटा (डिस्कची केबल लागते ते पोर्ट) मोड पाहा, कम्बाइन्ड असेल तर काही पोर्ट लपतात, एन्हान्स्ड करा. ज्या बोर्डमध्ये डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा, आयडीई अन् एएचसीआय असा पर्याय आहे तिथं मात्र चालू विंडोजवर हात लावू नका, निळी स्क्रीन येते, शेवटी ७बी लिहिलेली. आलीच तर मोड परत होता तसा करा, चालू होते. जुन्या मशीनमध्ये तो नाण्यासारखा सीआर२०३२ सेल मेला असला की हे सगळं सेटिंग दर वेळी लाइट गेल्यावर आपोआप उडते, अन् आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायची गरज नाही. तारीख मागं जाऊन राहिली असेल तर तोच. पहिले सेल बदला, स्वस्तातला असतो, किराणा दुकानातही मिळून जाते.

आता जे मी घाईत सगळ्यांना सांगतो अन् कोणी ऐकत नाही ते. डिस्क पूर्ण दिसली म्हणजे पूर्ण चालते असं नाही. हे मी पुस्तकात नाही शिकलो. दुकान नवीन होतं, १६० जीबीची डिस्क म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट. त्या काळची भिंत दुसरी होती, १३७ जीबीची. तेव्हा सेक्टरचा नंबर २८ बिटचा, २६ कोटी ८४ लाख सेक्टर झाले की संपलं. ४८ बिटचं नवीन मोजमाप २००२ च्या आसपास आलं, अन् विंडोज एक्सपीला ते सर्व्हिस पॅक १ पासून कळायला लागलं, त्याच्या आधीच्या एक्सपीला नाही. मी काय केलं, डिस्कचं माझ्या मशीनवर, सर्व्हिस पॅक २ होता, तिथं पूर्ण १६० चं एकच पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, अन् एका व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या मशीनमध्ये नेऊन लावली. त्याच्याकडं एक्सपी जुन्या सीडीचं, बिना सर्व्हिस पॅकचं. त्यानं पार्टिशन टेबल वाचलं, त्याच्यात १६० लिहिलं होतं, त्यानं १६० दाखवलं. मी पैसे घेतले, चहा पिलो, आलो.

दीड-दोन महिने मस्त चाललं. मग एक दिवस दुपारी फोन, "भाऊ डी ड्राइव्ह खोललं की फॉरमॅट करू का म्हणते." झालं काय होतं, त्याची कॅसेटीवरून उतरवलेली शूटिंग भरत भरत १३७ च्या पुढं गेली, अन् १३७ च्या पुढचा पहिला सेक्टर लिहायला गेल्यावर त्या एक्सपीला नंबर मावला नाही, वरचा आकडा गळाला, अन् त्यानं लिहिलं कुठं तर डिस्कच्या अगदी सुरुवातीला. तेच काटापावतीचं. हजारावी गाडी मुनिमानं पहिल्या गाडीच्या ओळीवर लिहून टाकली. अन् डिस्कच्या सुरुवातीला काय असते तर पार्टिशन टेबल, बूट सेक्टर, सगळ्यात महत्त्वाचं सामान. एरर नाही, आवाज नाही, काहीच नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून तीन रात्री बसलो, बरंच परत आलं पण तुकडे तुकडे, फाइलींचे नाव गेले, एका लग्नाचा मांडवातला भाग तर शेवटपर्यंत नाही भेटला. तो माणूस मला काही बोलला नाही हेच जास्त लागलं. अजून बस स्टँडवर भेटते, हसून बोलते, मीच मान खाली घालतो.

म्हणून जिथं नंबर गळायची शक्यता आहे तिथं डिस्क एकदा गच्च भरून वाचून पाहायची, मगच गिऱ्हाईकाच्या हाती द्यायची. एच टू टेस्ट डब्ल्यू म्हणून एक बारकं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते एक-एक जीबीच्या फाइली टाकत पूर्ण डिस्क भरते अन् मग सगळं परत वाचून जे लिहिलं तेच आहे का ते ताडते. कुठं गोल फिरून सुरुवातीवर लिहिलं गेलं असेल तर लगेच पकडते. ४ टीबीला वेळ लागते, लिहायला आठ-दहा तास अन् वाचायला तेवढेच धरा, त्यामुळं रात्री लावून द्या अन् इन्व्हर्टरवर ठेवा. तुमच्या विंडोज ७ अन् जी३१ वर मला खात्री आहे की पास होईल, तरी करा. रिकाम्या डिस्कवरच करा म्हणजे काही बिघडलंच तर जाणार काहीच नाही.

एक्सपीवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण मेसेज येतात. ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही, तुमची भरलेली डिस्क लावली तर तिथं जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन एवढंच दिसते अन् कोणी शहाणा ते "खराब पार्टिशन" समजून उडवायच्या मागं लागते. एक्सपीला सरळ २ टीबीची डिस्क घ्या, १८६३ जीबी दिसते, भिंतीच्या अलीकडं आहे, डोक्याला ताप नाही. काही यूएसबी केसिंग सेक्टर ५१२ च्या ऐवजी ४०९६ चा आहे असं सांगून एक्सपीवर पण ३-४ टीबी दाखवतात, चालते ते, पण तीच डिस्क उद्या केसिंगमधून काढून सरळ बोर्डला लावली की रिकामी दिसते. डेटा असतो, फक्त मोजायची फूटपट्टी बदलली. परत त्याच केसिंगमध्ये टाकली की दिसते. पण केसिंग जळलं तर? म्हणून मी ते कोणाला देत नाही. त्यापेक्षा मोठी डिस्क एखाद्या नवीन मशीनमध्ये ठेवा अन् केबल टाकून नेटवर्कवर शेअर करा, मग एक्सपीला तिकडं किती टीबी आहे याच्याशी घेणंच नाही.

आयडीईच्या (सेटाच्या आधीच्या चपट्या केबलच्या) जमान्यातले मशीन अजून आडत दुकानात, जिनिंगच्या ऑफिसात सापडतात, हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालते म्हणून. तिथं मोठी डिस्क टाकूच नका खरं तर. काही जुने अवॉर्ड बायोस ३२ जीबीच्या वरची डिस्क लावली की डिटेक्ट करतानाच लटकतात, पुढं सरकतच नाहीत, तिथं डिस्कच्या मागचा जंपर बदलून ती ३२ जीबीचीच आहे असं बायोसला सांगता येते, कोणता जंपर ते डिस्कच्या लेबलवर छापून असते. विंडोज ९८ चं पार्टिशन करायचं एफडिस्क तर ६४ जीबीच्या वर गेलं की ६४ वजा करूनच दाखवते, ८० जीबीची डिस्क दहा-साडेदहा जीबी. परत तीच गंमत, पावतीबुक संपलं.

अन् सेटाच्या सुरुवातीचे व्हीआयए अन् एसआयएस चिपसेटचे काही बोर्ड असे आहेत की नवीन डिस्क त्यांना दिसतच नाही, ०.५ टीबीची असो का ४ ची. त्याचा साइजशी संबंध नाही, स्पीडचं जमत नाही. बोर्ड १.५ गिगाबिटवालं, डिस्क ३ किंवा ६ ची, अन् त्या चिपला खाली उतरवून घ्यायचं बोलता येत नाही. ज्या डिस्कवर स्पीड कमी करायचा जंपर आहे तिथं तो लावला की दिसते. काही वेस्टर्न डिजिटलवर तो ५-६ नंबरच्या पिनवर असायचा. नवीन डिस्कवर जंपरच नसेल तर पीसीआयचं सेटा कार्ड घ्या.

पॉवरचं राहिलं. ३.५ इंची डिस्क चालू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, अन् आपल्या जुन्या एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) पाच-सात वर्षांची धूळ अन् जिनिंग जवळ असेल तर पंख्याला कापसाची रुई गुंडाळून राहते. डिस्क टक-टक करून बंद पडते, परत फिरते, परत बंद, लोक म्हणतात डिस्क गेली. मल्टिमीटर पिवळ्या तारेवर लावा, डिस्क चालू होताना ११.४ च्या खाली जाऊन राहिलं तर एसएमपीएस गेलं, डिस्क नाही. दुसरं, काही मोठ्या नवीन डिस्क, खास करून बाहेरच्या डब्यातून काढून विकलेल्या, जुन्या एसएमपीएसच्या सेटा वायरवर फिरतच नाहीत, कारण ३.३ व्होल्टच्या तिसऱ्या पिनला त्यांच्यात आता "बंद राहा" असा अर्थ आहे. मोलेक्स (जुना चार पिनचा पॉवर प्लग) ते सेटा अॅडाप्टरवर लावा, त्याच्यात ३.३ ची तारच नसते, फिरते. फक्त अॅडाप्टर घेताना ज्याचं तोंड प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलं असते तो नका घेऊ, त्यातल्या तारा एकमेकीला लागून पेटलेले किस्से आहेत. तारा वेगवेगळ्या खोचलेल्या दिसतात तो घ्या, दहा-वीस रुपयासाठी पाहू नका.

तुमची डिस्क तर फिरून राहिली, त्यामुळं हे तुम्हाला लागत नाही. पण एप्रिल-मे मध्ये तुमच्याकडं पत्र्याच्या खोलीत ४५ च्या वर जाते, अन् डिस्क बहुतेक ६० पर्यंतच चालवायच्या असतात, तर नवी डिस्क जुनीच्या बुडाला चिकटवून नका कसू, मधला एक खाना रिकामा सोडा अन् समोरचा पंखा असेल तर ब्रशनं साफ करा.

ते जुनं केसिंग फेकू नका, २ टीबीपर्यंतच्या डिस्कला ते मस्त चालते, तुमची ५०० वाली पुढंमागं त्याच्यातच टाकू. फक्त त्याच्यात ही ४ टीबीवाली परत लावायची नाही, एका मिनिटासाठी पण नाही, अन् घरातल्या पोट्ट्यांना पण सांगून ठेवा. त्याला वरून पट्टी चिकटवून मार्करनं २ टीबी लिहून टाका. टेस्टचा रिझल्ट आला की फोटो टाका, खालची ओळ पूर्ण दिसली पाहिजे.